हयसून फुडे दिल्ली

मागच्या नोव्हेंबरात आमच्या एका तांडेल काकांबरोबर रात्री होडीतून बाहेर गेलो होतो, मालवणच्या किनाऱ्यापासून बरंच लांब, किनाऱ्यावरचे दिवे म्हणजे नुसती एक पिवळट रेघ राहिली होती. काकांनी जीपीएसच्या स्क्रीनवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हयसून फुडे दिल्ली. आपलां सरकार हयसर संपलां." समोर अंधारात पांढऱ्या दिव्यांची रांगच्या रांग उभी होती, एवढा झगमगाट की तिथलं पाणी खालून पेटल्यासारखं हिरवं दिसत होतं. एलईडी लावलेल्या परराज्यातल्या बोटी होत्या त्या. उजेडाला मासळी गोळा होते, मग जाळं फिरवायचं आणि आमच्या छोट्या जाळीवाल्याला कित्येक दिवसांत मिळणार नाही एवढा माल एका रात्रीत उचलायचा. काकांनी एका ऑफिसात फोन लावला, तिकडून उत्तर आलं की ते बारा सागरी मैलांच्या बाहेर आहेत, आमच्या हद्दीत येत नाही. दुसरीकडे लावला तर म्हणाले लेखी तक्रार पाठवा. काका चिडले नाहीत, त्यांना सवय आहे. मला म्हणाले, आपली गस्तीची नौका आली की हे रेघेच्या पलीकडे जातात आणि ती परत फिरली की अलीकडे येतात, कारण जीपीएस त्यांच्याकडेही आहे.

त्या रात्रीनंतर मी ही रेघ नेमकी कुठून आली ते वाचत बसलो आणि मला असं वाटायला लागलं की संघराज्य म्हणजे राज्यपाल विरुद्ध मुख्यमंत्री एवढंच जे आपण टीव्हीवर बघतो त्याच्यापेक्षा कितीतरी जवळची गोष्ट आहे ही, आपल्या ताटातल्या बांगड्याइतकी जवळची.

तर घटनेच्या सातव्या परिशिष्टात तीन याद्या आहेत, केंद्राची, राज्याची आणि समवर्ती म्हणजे दोघांची. राज्याच्या यादीत २१ नंबरला मत्स्यव्यवसाय आहे. केंद्राच्या यादीत ५७ नंबरला आहे प्रादेशिक समुद्राच्या, म्हणजे किनाऱ्यालगतच्या आपल्या समुद्राच्या, पलीकडची मासेमारी. म्हणजे घटनेने किती मैल ते कुठेच लिहिलेलं नाही, नुसतं प्रादेशिक समुद्र म्हटलंय. १९५६ साली भारताने तो सहा सागरी मैल केला, १९६७ साली बारा. बघा, घटनेतला एक शब्दही बदलला नाही आणि राज्याचा समुद्र दुप्पट झाला. मग १९७६ साली सागरी क्षेत्रांचा कायदा आला, दोनशे मैलांपर्यंतचं आर्थिक क्षेत्र आलं, ते सगळं केंद्राकडे. शिवाय २९७ व्या कलमाप्रमाणे बारा मैलांच्या आतलीसुद्धा समुद्राखालची खनिजं केंद्राची. थोडक्यात पाण्यातला मासा मुंबईचा आणि खालचा तळ दिल्लीचा, आणि किनाऱ्यावर मासळी वाळत घालायची वाळू कोणाची ते विचारायला तलाठ्याकडे जायचं.

आता मुद्दा असा की ही वाटणी केली तेव्हा बहुतेक होड्या शिडावर आणि वल्ह्यावर चालत होत्या, बारा मैल म्हणजे खूप लांब होतं. रेघ तिथेच राहिली आणि इंजिनं बदलली. आज एखादा हायस्पीड ट्रॉलर कर्नाटकातल्या मलपीहून निघून बघता बघता आमच्याकडे पोचतो. महाराष्ट्राचा सागरी मासेमारीचा कायदा १९८१ चा, २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती करून दंड वाढवले, पण तो लागू बारा मैलांच्या आत. बाहेर एलईडीवर बंदी केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्येच घातलेली आहे. म्हणजे कायदा अलीकडेही आहे आणि पलीकडेही आहे, तरी त्या रात्री दिवे होतेच. कारण मधली रेघ कोणी सांभाळायची हे कुठेच नीट ठरलेलं नाही. माझं म्हणणं हेच आहे की सत्तेची वाटणी ही एकदा रेघ मारून संपणारी गोष्ट नाहीये, ती रोज चालवावी लागते, आणि जिथे दोन सरकारं शेजारी शेजारी येतात तिथे नुकसान ज्याचं होतं त्यालाही त्या टेबलाशी खुर्ची पाहिजे. ती खुर्ची आपल्याकडे अजून कोणी ठेवलेली नाही.

अधिकार सरकतात कसे, हे कोकणात बसून फार चांगलं दिसतं. कधी ते उघडपणे सरकतात. १९७६ ची ४२ वी घटनादुरुस्ती, आणीबाणीतली, तिने जंगल आणि शिक्षण हे विषय राज्याच्या यादीतून काढून समवर्ती यादीत टाकले, त्यानंतर १९८० मध्ये वनसंवर्धन कायदा आला आणि सह्याद्रीत जंगलजमिनीवरून रस्ता न्यायचा किंवा धरण बांधायचं तर केंद्राची परवानगी लागायला लागली. आणीबाणी गेली, दुरुस्तीतली बरीचशी कलमं नंतर मागे घेतली गेली, पण हे विषय परत आले नाहीत. पन्नास वर्षं होत आली. एकदा वर गेलेला अधिकार आपणहून खाली येत नाही, हे मी कोणाच्या विरोधात म्हणून सांगत नाहीये, हा अनुभव आहे.

कधी ते वळसा घेऊन सरकतात. सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाचे नियम, घ्या. जमीन हा विषय राज्याचा. मग भरतीरेषेपासून पाचशे मीटरपर्यंत काय बांधायचं ते दिल्ली कशी ठरवते? तर १९७२ साली स्टॉकहोमला पर्यावरण परिषद झाली, आंतरराष्ट्रीय करार अंमलात आणायला संसद कोणत्याही विषयावर कायदा करू शकते असं २५३ वं कलम म्हणतं, त्या जोरावर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा झाला आणि त्याच्याखाली १९९१ ची सीआरझेड अधिसूचना निघाली. पुढे २०११ ची, मग २०१९ ची. इथे मला प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे की सीआरझेड नसतं तर आमच्या निम्म्या पुळणी आज हॉटेलांच्या भिंतींमागे गेल्या असत्या, आणि त्या जाऊ नयेत म्हणून मुंबईतल्या कुठल्याही सरकारने आपणहून एवढा कडक नियम केला असता असं मला वाटत नाही. तेव्हा दिल्लीने घेतलेला प्रत्येक अधिकार वाईटच, असं मी म्हणणार नाही. पण या नियमांसाठी किनाऱ्याचा नकाशा बनवताना काय होतं ते मी बघितलंय. आमच्या तालुक्यात जनसुनावणीला एक बाई उठली, हातात घरपट्टीच्या जुन्या पावत्या, प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेल्या, आणि तिने समोर लावलेल्या नकाशाकडे बोट करून विचारलं की आमची वाडी यात कुठे आहे. नव्हती. तिच्या सासऱ्यांच्या आधीपासूनची घरं, होड्या ओढायची जागा, जाळी सुकवायचे बांबू, काही नव्हतं, नुसती मोकळी पुळण दाखवली होती. अधिकारी म्हणाले हरकत लिहून द्या. तिने दिली. नकाशा करायचा राज्याने, मंजूर करायचा केंद्राने, आणि तिची हरकत नेमकी कोणाच्या टेबलावर जाऊन पडली ते तिला कोणीही सांगू शकलं नाही.

आणि पैशातून तर अधिकार सरकतातच. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, त्याचे निर्णय घेणाऱ्या काउन्सिलमध्ये केंद्राचं एकतृतीयांश मत, सगळ्या राज्यांचं मिळून दोनतृतीयांश, आणि निर्णयाला तीनचतुर्थांश लागतात, म्हणजे केंद्र नको म्हणालं की सगळी राज्यं एकत्र आली तरी काही होत नाही. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की काउन्सिलच्या शिफारशी बंधनकारक नाहीत, पण व्यवहारात त्याच्या बाहेर पाऊल टाकायची हिंमत कोण करणार. डिझेल तेवढं जीएसटीच्या बाहेर राहिलं म्हणून मच्छीमारांना मिळणारा डिझेलवरच्या कराचा परतावा अजून राज्याच्या हातात आहे, तोही किती महिने थकतो ते आमच्याकडच्या सोसायट्यांना विचारा. केंद्राच्या करातला राज्यांचा वाटा चौदाव्या वित्त आयोगाने ४२ टक्के केला, पंधराव्याने ४१, ऐकायला मोठा वाटतो, पण सेस आणि सरचार्ज त्या वाटणीत येतच नाहीत.

हे सगळं वाचून वाटेल की राज्यांच्या हातात काही उरलंच नाही. तसं नाहीये. नाणारची रिफायनरी केंद्राच्या तेल कंपन्यांची होती, मागे दिल्लीचा पूर्ण जोर होता, पण जमीन घ्यायची अधिसूचना राज्याची होती आणि लोकांच्या विरोधापुढे राज्याने ती २०१९ मध्ये रद्द केली, तिथला प्रकल्प तिथेच थांबला. जैतापूरला मात्र अणुऊर्जा हा विषय पूर्ण केंद्राचा, राज्याने जमीन घेऊन दिली आणि विरोध बाजूला राहिला. दोन्ही ठिकाणं एकाच राजापूर तालुक्यात. लोक तसेच, ग्रामसभांचे ठराव तसेच, फरक एवढाच की एका ठिकाणी नाही म्हणायची किल्ली मुंबईत होती आणि मुंबईला मतांची भीती होती.

आणि सहकाराचं उदाहरणही कोकणातच आहे, कोकण रेल्वे. रेल्वे हा विषय शंभर टक्के केंद्राचा. तरी १९९० मध्ये कॉर्पोरेशन काढलं तेव्हा केंद्राचा हिस्सा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकचा १५, गोव्याचा ६ आणि केरळचा ६. केरळच्या जमिनीवर त्या मार्गाचा एक किलोमीटरही नाही, पण त्यांची माणसं या गाडीने मुंबईला येणार होती म्हणून त्यांनी पैसे घातले. तेव्हा दिल्लीत आघाडीचं सरकार होतं, अर्थमंत्री मधु दंडवते म्हणजे आमच्या राजापूरचे खासदार, रेल्वेमंत्री जॉर्ज फर्नांडिस म्हणजे मूळ मंगळूरचे, आणि काम इंजिनियर श्रीधरन यांच्याकडे. सातशे चाळीस किलोमीटरच्या आसपासचा मार्ग, २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण खुला झाला. माझ्या आजीने पहिल्यांदा गाडी गावाजवळून जाताना बघितली तेव्हा हात जोडले होते, ती आयुष्यभर बोटीने नाहीतर एसटीने मुंबईला गेलेली बाई. आता दुपदरीकरणाला पैसे नाहीत म्हणून कॉर्पोरेशन भारतीय रेल्वेत विलीन करायचं चाललंय, महाराष्ट्रानेही २०२५ मध्ये संमती दिली, नाव तेवढं कोकण रेल्वेच ठेवा अशी अट घातली. मला वाईट वाटतं ते नावाचं नाही, वाईट याचं वाटतं की केंद्राच्या विषयात राज्यांना हिस्सेदार म्हणून बसवायची एक चांगली पद्धत होती, ती सुधारून पुढे न्यायची सोडून आपण गुंडाळतोय आणि त्यावर विधानसभेत दोन दिवस चर्चासुद्धा झाली नाही.

हिस्सेदारीची पद्धत डहाणूजवळच्या वाढवण बंदरात आहे, नाही असं नाही. जेएनपीएचे, म्हणजे केंद्राच्या बंदर प्राधिकरणाचे, ७४ टक्के आणि महाराष्ट्र सागरी मंडळाचे २६ टक्के. ७६ हजार कोटींचं बंदर. शंभर टक्के तिथेच संपले, डहाणूच्या मच्छीमाराला त्यात एक टक्काही ठेवला नाही, त्याच्यासाठी नुकसानभरपाईचा फॉर्म आहे. त्याच्या खाडीत, त्याच्या खडकांवर मासळी अंडी घालते, तो पिढ्यान्‌पिढ्या ते सांभाळत आलाय, आणि वाटणीत तो कुठेच नाही.

काही लोक म्हणतील, आणि आमच्यातलेच म्हणतात, की मासा काय हद्द बघून पोहत नाही, सगळा समुद्र केंद्राकडे देऊन टाका, एकच कायदा, एकच गस्त. मला हे पटत नाही. किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढणाऱ्याचं आणि मोठ्या बोटवाल्याचं भांडण काय आहे, तारली कोणत्या महिन्यात किनाऱ्याला लागते, मिरकरवाड्याला काय चालतं आणि आचऱ्याला काय चालत नाही, हे दिल्लीत बसून कसं कळणार. दुसरे म्हणतात सगळं राज्याला द्या. मग कर्नाटकची, गोव्याची, गुजरातची बोट आली तर प्रत्येक राज्य आपल्याच बोटवाल्याची बाजू घेणार, तसं आजही घेतात.

ऑस्ट्रेलियात असाच तिढा झाला होता. १९७५ मध्ये तिथल्या हायकोर्टाने, म्हणजे त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने, सांगितलं की ओहोटीच्या रेषेपासून पुढचा समुद्र सगळा केंद्राचा. केंद्र जिंकलं, खरं तर तिथेच विषय संपायला हवा होता. पण १९७९ मध्ये केंद्र आणि राज्यं बसली आणि समझोता केला, पहिले तीन मैल राज्यांना परत दिले, आणि मासेमारीसाठी असं ठरवलं की एकेका मासेमारीचा कारभार रेघेच्या दोन्ही बाजूंना एकाच कायद्याने चालवायला करार करता येईल, कुठे तो राज्याचा, कुठे केंद्राचा, कुठे दोघांचं संयुक्त प्राधिकरण. मासा कसा फिरतो त्यावरून कारभार ठरवायची सोय केली. कॅनडातही १९८५ मध्ये न्यूफाउंडलंडच्या समुद्रातल्या तेलासाठी केंद्र आणि प्रांताचं संयुक्त मंडळ झालं. जिंकलेल्या बाजूने अधिकार वाटून घेतले, कारण एकट्याने चालवता येणार नाही हे त्यांना समजलं. आपल्याकडे बांगडा, तारली, सुरमई यांच्यासाठी गुजरातपासून केरळपर्यंतचं एक मंडळ का नसावं? केंद्र, राज्यं, आणि मच्छीमारांच्या सोसायट्यांनी निवडून दिलेली माणसं. परवाने, जाळ्यांची मापं, गस्तीच्या नौका, सगळं त्या मंडळाकडे, म्हणजे रात्री फोन कोणाला करायचा याला एकच नंबर. घटना बदलायची गरजही पडणार नाही, २५२ वं कलम आहे, दोन किंवा जास्त राज्यांनी ठराव केला की संसद त्यांच्यासाठी कायदा करू शकते.

पण मला जास्त राग येतो तो दिल्लीचा नाही, मुंबईचा येतो, आणि हे स्पष्ट लिहिलं पाहिजे. १ मे १९६२ ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या तेव्हा देशात आपलं उदाहरण देत होते. पुढे ७३ वी घटनादुरुस्ती झाली, एप्रिल १९९३ पासून लागू, तिच्यात पंचायतींसाठी २९ विषयांची यादी आहे आणि पाचवा विषय मत्स्यव्यवसाय आहे! पण २४३ जी कलमात शब्द असा आहे की राज्य हे अधिकार सोपवू शकेल. सोपवेल असं नाही, शकेल. या एका शब्दावर तीस वर्षं गेली. आणि जे काही दिलं तेही चालू दिलं नाही, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गच्या जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर वर्षानुवर्षं प्रशासक, शेवटी मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की चार आठवड्यांत निवडणुका जाहीर करा आणि चार महिन्यांत पूर्ण करा. जे राज्य दिल्लीकडे आपला वाटा मागतं तेच राज्य जिल्ह्याला निवडून आलेला सदस्यसुद्धा द्यायला तयार नसतं. सरकार कोणत्या पक्षाचं होतं याने यात काही फरक पडला नाही. दिल्लीत आणि मुंबईत एकच पक्ष असला की राज्य मागतच नाही, हे काँग्रेसच्या काळातही असंच होतं, आणि वेगवेगळे असले की मागण्याचा नुसता आवाज होतो.

३७१ कलमाखाली १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळं केली, एक विदर्भाचं, एक मराठवाड्याचं आणि तिसरं उर्वरित महाराष्ट्राचं. आम्ही त्या उर्वरितमध्ये. पुणे, नाशिक, कोल्हापूर, मुंबई यांच्याबरोबर दोडामार्ग आणि मंडणगड एकाच टोपलीत, सरासरी काढली की आमचं मागासलेपण मुंबईच्या श्रीमंतीत विरघळून जातं. एप्रिल २०२० मध्ये त्या मंडळांची मुदतही संपली. शेजारी गोवा बघा, १९६७ च्या जनमत कौलात त्यांनी महाराष्ट्रात यायला नकार दिला, १९८७ मध्ये राज्य झालं. सातार्ड्याच्या पुलावरून पलीकडे गेलं की तीच माती, तोच काजू, तेच आडनाव, पण त्यांच्याकडे चाळीस आमदारांची विधानसभा आहे आणि काजू बीचा दर पडला की शेतकरी सरळ पणजीला जाऊन मंत्र्याला भेटून दुपारच्या जेवणाला घरी येतो. आमच्याकडचा शेतकरी रात्रीची गाडी पकडून मुंबईला जातो, मंत्रालयाच्या दारात पास काढायला उभा राहतो, आणि तिथे त्याला कळतं की बाहेरून येणाऱ्या काजू बीवरची आयात ड्युटी दिल्लीत ठरते. वेगळं कोकण राज्य मागायचा माझा विचार नाही, संयुक्त महाराष्ट्रासाठी आमच्या घरातली माणसं तुरुंगात गेलेली आहेत. मागणं एवढंच आहे की त्या २९ विषयांपैकी निदान मत्स्यव्यवसाय, आणि त्याच्या जोडीला लहान बंदरांचे धक्के आणि किनाऱ्याचा नकाशा, यात जिल्हा परिषदेला सही असली पाहिजे, नुसती हरकत नको. आणि त्याला लागणारा पैसा योजनांच्या नावाखाली न येता थेट यावा.

पावसाळ्यातली मासेमारीबंदी ३१ जुलैला संपते. १ ऑगस्टला होड्या परत पाण्यात जातील, नारळी पौर्णिमा झाल्याशिवाय आमचे काका मात्र जात नाहीत, ते त्यांचं जुनं आहे. यावर्षी त्यांनी सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठराव मांडलाय, वहीच्या पानावर पेनाने लिहिलेला, की बारा मैलांच्या अलीकडची आणि पलीकडची तक्रार घ्यायला एकच माणूस नेमा आणि त्याचं ऑफिस मालवणात ठेवा. ठराव मंजूर झाला. आता तो कुठे पाठवायचा यावर अर्धा तास बोलणं झालं, कोणी म्हणालं कलेक्टर, कोणी आमदार, कोणी थेट दिल्ली, शेवटी तीन झेरॉक्स काढल्या.